जीभ आणि सुई

सकाळपासून खळ्यात नुसता कालवा चालला होता. आधी मूठ का आधी शिक्का? घरापेक्षा उंच गंजी उभी, मळणीयंत्र उभं, डिझेलचा डबा भरून ठेवलेला, आणि गाव दोन बाजूंना उभं राहून एकमेकांच्या आईबापाचा उद्धार करतंय. पहिली पेंढी यंत्रात जायच्या आधी पुजाऱ्याने देवाच्या नावाने कणसांची मूठ काढायची, का केंद्राच्या साहेबाने गंजीवर शिक्क्याची पाटी खोचायची, एवढाच काय तो वाद. महिनाभर कणग्या रिकाम्या होत्या, पोरं भुकेने किरकिर करत होती, पण मोठेपणा कुणाला सोडवत नव्हता.

"देवाने पिकवलं, मूठ आधी!" लोहार ओरडला. तो यंत्राचं पातं सरळ करायला भाता घेऊन तिथंच बसला होता.

"देवाने पिकवलं तर मग गेल्या सालापर्यंत खालचं रान पडीक का होतं रे?" पलीकडून कुणीतरी म्हणालं. "सुयांनी सांगितलं म्हणून पेरलं!"

"सुयांनी काय सांगितलं? जिभेने सांगितलं!"

"अरे, दोघांनी सांगितलं!" मधला एकजण म्हणाला. "देव आणि यंत्र दोघं एका तोंडाने बोलतायत, आणि तुम्ही कशाला भांडताय?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी गंजीला पाठ लावून उभी होते. दोघं एका तोंडाने बोलले, हे खरंच होतं. ते तोंड कुणाचं होतं, ते फक्त मला ठाऊक होतं. ते माझं होतं.

पण असं अर्ध्यातून सांगितलं तर तुम्हाला काय कळणार? पहिल्यापासून सांगते.

आमच्या रानात विख आहे. माझ्या आजीच्या लहानपणी जमिनीखालचं पाणी कुठंतरी फिरलं आणि त्याच्याबरोबर ते वर आलं. ते एका जागी बसत नाही. या साली या रानात, पुढच्या साली त्या रानात. दिसत नाही, वास नाही. पीक तर असं तरारून येतं की दृष्ट लागावी. पण त्या पिकाचे दाणे महिनाभर पोटात गेले की आधी बोटं बधिर होतात, मग पाय, मग छाती. माझा नवरा तसाच गेला. मरताना त्याला मी हात धरलेला कळत नव्हता. मी माहेरी आले ती पोटात पोर घेऊन.

म्हणून आमच्यात पेरणीच्या आधी माती चाखतात. चाखणारा एकच असतो, एकाच घरातला. तो आदल्या दिवशी उपाशी राहतो, सकाळी देवाच्या ठाण्यासमोर आंघोळ करतो, आणि सगळ्या गावासमोर रानातली चिमूटभर माती जिभेवर ठेवतो. गोड म्हणाला तर पेरायचं, कडू म्हणाला तर पडीक टाकायचं. देव मातीत बोलतो आणि तो ऐकायला जीभ लागते, असं म्हणतात. माझा आबा तीस वर्षं चाखणारा होता. तीस वर्षांत एकदाही चुकला नाही. माझ्या नवऱ्याचं गाव वेगळं, तिथं चाखणारा नव्हता.

मग सात वर्षांमागे माती तपासायचं केंद्र आलं. पत्र्याच्या दोन खोल्या, एक साहेब, आणि चाळीस सुया. सुया कसल्या, पुरुषभर उंचीच्या पोलादी सळ्याच त्या. रानात खोचायच्या, वर दिवा लागतो. हिरवा लागला तर माती चांगली, तांबडा लागला तर विख. मला तिथं काम मिळालं. सुया पुसायच्या, खोचायच्या, उपटायच्या, साहेब सांगेल तसा बुडाचा खिळा फिरवायचा. तेव्हापासून गावात मला सुईवाली म्हणतात. बाप जिभेचा आणि लेक सुईची. लोक चेष्टा करायचे, "तुमच्या घरात जेवताना भांडण होत असेल!" होत नव्हतं. आबा म्हणायचा, "देवाने माणसाला अक्कल दिली, अकलेने सुई केली. रागवायचं कशाला?" आणि आमचा साहेब, गावात त्याला सुईसाहेबच म्हणायचे, तोही आबासमोर वाकायचा. चांगला माणूस होता. शहरातून आलेला, पण चिखलात चप्पल काढून चालणारा.

सुया गंजतात. गंजलेली सुई भरवशाची राहत नाही, वाटेल तो दिवा लावते. म्हणून दरसाल शहरातून मातीची पाकिटं यायची. कोरी माती. एका पाकिटात अगदी स्वच्छ, एकात मुद्दाम विख घातलेली. सुई आधी या मातीत, मग त्या मातीत बुडवायची आणि खिळा फिरवून दिवे बरोबर लावून घ्यायचे. खळ्यातल्या या पिकाची पेरणी व्हायच्या दोन वर्षं आधी घाटातला रस्ता खचला. पाकिटं यायची बंद झाली. साहेबाने पत्रावर पत्रं पाठवली, उत्तरसुद्धा आलं नाही.

आता या पेरणीची गोष्ट ऐका. जीव खाणारी गोष्ट ही आहे.

वरची रानं तिन्ही कडू निघाली होती. राहिलं खालचं रान, ओढ्याकाठचं, काळंभोर, पण जन्माचं बदनाम. तिथं आम्ही सुया खोचल्या. चाळीसातल्या पंधरा तांबड्या, बाकीच्या हिरव्या, आणि काही तर आत्ता हिरव्या, मग तांबड्या. साहेब डोकं खाजवत बसला.

"गंज," तो म्हणाला. "रुसल्यात सुया. आबांची जीभ काय म्हणते ते विचारून ये. गोड म्हणाले तर तशा लावू, कडू म्हणाले तर तशा."

मी घरी गेले. आबा ठाण्यावरून नुकता आला होता, ओल्या केसांनी.

"दिवा कोणता लागला गं?" त्याने विचारलं.

हे तो दोन सालं विचारायचा. मला वाटायचं, म्हातारपण आलं, उगीच ताळा जुळवून बघतो. मी म्हटलं, "अजून ठरलं नाही."

"मग ठरल्यावर सांग. घाई काय आहे?"

घाई काय आहे! वाफसा आला होता रानाला. माती मुठीत धरली की लाडू वळत होता आणि बोटाने दाबली की फुटत होता. आणखी दोन दिवस गेले की ती वाळून दगड होणार, आणि मग पेरणी पुढच्या सालावर. बांधावर सगळं गाव बियाणं घेऊन बसलेलं. या दारातून त्या दारात, त्या दारातून या दारात, मी तीनदा फिरले. साहेब म्हणतो आबांना विचार, आबा म्हणतो दिव्याला विचार. माझे पाय दुखायला लागले आणि डोकंही. मनात म्हटलं, दोघांपैकी एकाला तरी ठाऊक असेलच की! सुया गंजल्यात, पण आबाची जीभ तर आहे. आबाच्या मनाची उगीच चलबिचल चाललीय, एकदा हिरवा म्हटलं की सुटेल तो.

आणि मी आबाला म्हटलं, "हिरवा लागला."

आबाने गावासमोर माती जिभेवर ठेवली. डोळे मिटले. "गोड," म्हणाला. गावाने आरोळी ठोकली. मी धावत केंद्रात गेले, "आबा गोड म्हणाले, साहेब!" साहेबाने सुटकेचा श्वास टाकला आणि मला आकडा सांगितला. माझ्या या हाताने मी चाळीस खिळे फिरवले. चाळीस दिवे हिरवे लागले. लांबून ते बघायला लोक पोराबाळांना घेऊन आले.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, सांगा बघू.

पीक आलं. कंबरेपेक्षा वर आलं. माझी पोर, चिमी, सात वर्षांची, माझ्याबरोबर रानात यायची. मूठ निघाल्याशिवाय नवं धान्य कुणी तोंडात घालत नाही, असा आमचा नेम. पण लेकरू ते, आणि कोवळी कणसं दुधाने भरलेली, आणि घरात चूल थंड. मी सुया पुसायची आणि ती बांधावर बसून कणसं चोखायची. मी बघितलं, आणि बघून न बघितल्यासारखं केलं. खाऊ दे, म्हटलं. देव काय लेकराच्या तोंडातला घास मोजणार आहे?

मळणीच्या तीन दिवस आधी तिच्या हातातून वाटी सुटली. मी ओरडले, "नीट धर की!" तिने उचलली, पुन्हा सुटली. ती हसली. "आई, बोटं झोपलीत," म्हणाली.

नवऱ्याने हेच म्हटलं होतं. याच शब्दांत.

मी तशीच आबाकडे गेले. तो ओसरीवर दोर वळत बसला होता.

"आबा, खालच्या रानाची माती कशी लागली होती?"

"गोड."

"गोड म्हणजे कशी?"

"गोड म्हणजे गोड. आता तुला माती खायला शिकवू काय?"

मी आत गेले. तांब्याभर पाण्यात दोन मुठी मीठ ढवळलं आणि आणून त्याच्या हातात दिलं. "प्या, ऊन फार आहे." तो घटाघट प्यायला. सगळा तांब्या. तोंड पुसलं आणि म्हणाला, "गार आहे पाणी."

मला रडताना बघून त्याने तांब्यात बोट फिरवलं. तळाशी मीठ राहिलं होतं, बोटाला खरखर लागली. मग त्याला कळलं.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"तिसरं साल. तीस वर्षं विख चाखलं, जिभेने किती सोसायचं? आधी टोक गेलं, मग सगळीच."

"आणि बोलला नाहीत?"

"काय बोलू? माझ्यामागे चाखणारा कोण आहे? गाव घाबरलं असतं. आणि सुया होत्या की. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. तू दिवा सांगायचीस, मी तेच म्हणायचो. यंत्राला काय होतंय? शहाण्या माणसांनी केलेलं आहे ते."

"आबा, सुया तुमच्या जिभेवर लावलेल्या होत्या!"

त्याला आधी कळेचना. मग मी सगळं सांगितलं. तीनदा सांगितलं. तो दोर वळायचा थांबला आणि आपल्या हातांकडे बघत बसला. "मग मातीला विचारलं कुणी?" म्हणाला.

साहेबाकडे गेले तर तो माझ्यावरच उखडला. "पोरीला अशक्तपणा आहे. घरात अन्न नाही, बोटं बधिर होणारच. चाळीस सुया हिरव्या दाखवतायत. यंत्रावर विश्वास ठेवायला शिक जरा." मी म्हटलं, "साहेब, आबांची जीभ मेलेली आहे." तो हसला. "तीस वर्षं न चुकलेला माणूस! तू वाटेल ते बोलू नकोस." वही उघडून त्याने मला दाखवलं, दोन सालांचे जीभ आणि सुई यांचे निकाल शेजारी शेजारी. एकसारखे. त्याला केवढा अभिमान! तो विज्ञान शिकलेला माणूस देवाच्या जिभेवर डोळे मिटून बसला होता, आणि माझा देवभोळा बाप यंत्रावर. आंधळ्याने आंधळ्याचा हात धरलेला, आणि दोघांच्या मध्ये मी.

म्हणून त्या दिवशी खळ्यात मी तोंड उघडलं.

"मूठही काढू नका आणि शिक्काही मारू नका," मी म्हटलं. "धान्यात विख आहे."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मग मी सांगितलं. पेरणीच्या सकाळी तीनदा फिरले ते, हिरवा म्हटलं ते, खिळे फिरवले ते. काही लपवलं नाही. चिमीला पुढे केलं, तिच्या हातात काडी दिली. काडी गळून पडली.

"बघा! हातच्या काकणाला आरसा कशाला?"

पुजारी पुढे आला. तो काही वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडे सगळ्याला उत्तर असायचं. "मुठीच्या आधी कणसं खाल्ली का गं तू?" त्याने चिमीला गोड आवाजात विचारलं. पोरीने मान हलवली. तो गावाकडे वळला. "देवाच्या आधी हात घातला, देवाने हात घेतला. यात विखाचा काय संबंध?"

"तीन आठवडे थांबा!" मी ओरडले. "शेळीला घाला, कोंबड्यांना घाला आणि बघा!"

"तीन आठवडे काय खायचं? तुझं डोकं?" लोहारीण म्हणाली. तिच्या काखेत दोन महिन्यांचं लेकरू होतं, अंगावर दूध नव्हतं म्हणून दिवसरात्र रडायचं. "आणि शेळी-कोंबडी राहिलीय कुणाकडं? खाऊन बसलो आम्ही."

"जीभ म्हणते गोड, सुया म्हणतात हिरवा," लोहार म्हणाला. "देव आणि यंत्र एकीकडे, आणि ही एकटी एकीकडे. बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल!"

बाप तर तिथंच उभा होता. आबा गर्दीतून पुढे आला, काठी टेकत. सगळे मागे सरले.

"पोर खरं बोलतीय," आबा म्हणाला. "माझी जीभ मेलेली आहे. तीन सालं मी तुम्हाला फसवलं."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "लेकीसाठी बोलतोय गं. बापाचं काळीज आहे. नात आजारी पडली, त्याचं डोकं फिरलंय."

"नाही! मला चव कळत नाही!"

"असं कुणीही म्हणेल," लोहार म्हणाला. "कळत असून कळत नाही म्हणायला काय लागतं?"

बरोबर होतं त्याचं. मीठ दिलं असतं तर आबा नाही कळलं म्हणाला असता, आणि लोक म्हणाले असते, खोटं बोलतोय. आबाने क्षणभर विचार केला. मग भात्याजवळ गेला, निखाऱ्यात तापत पडलेली सळई उचलली. टोक तांबडंलाल झालं होतं.

"मेलेल्या मांसाला आग कळत नाही," आबा म्हणाला. "बघा."

मी "आबा!" म्हणून धावले तोवर त्याने जीभ बाहेर काढून सळई टेकवली होती. चर्र झालं. वास आला. मी तो वास मरेपर्यंत विसरणार नाही. आबा ताठ उभा होता. डोळ्यांची पापणी लवली नाही, टिपूस आलं नाही. त्याने सळई टाकली आणि काळी पडलेली जीभ फिरून फिरून सगळ्यांना दाखवली.

त्याला वाटलं, झालं, आता पटेल. मलाही वाटलं.

पहिल्यांदा ती म्हातारी गुडघ्यांवर आली. मग पुजारी. त्याचा आवाज कापत होता, आणि तो नाटक करत नव्हता, त्याच्या डोळ्यांतून खरंच पाणी वाहत होतं. "आग लावली आणि डोळा मिटला नाही! ही माणसाची जीभ आहे का? अरे, ही देवाची जीभ आहे!"

सगळं खळं वाकलं. जे सुईच्या बाजूचे होते तेही. लोहाराने आपल्याच सळईला हात लावून कपाळाला लावला. आबा "आ... आ..." करत होता, जीभ सुजून तोंडात मावत नव्हती. त्याने गंजीकडे बोट केलं, मग तोंडाकडे बोट केलं, मग दोन्ही हात जोरजोरात हलवले. खाऊ नका, म्हणत होता तो.

"खा म्हणतोय!" कुणीतरी ओरडलं. "गंजी तोंडात घाला म्हणतोय! आशीर्वाद देतोय!"

करायला गेला काय आणि झालं काय. मी साहेबाकडे बघितलं. तो शिक्क्याची पाटी हातात धरून यंत्राजवळ उभा होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. साऱ्या खळ्यात माझ्याशिवाय त्या सळईचा अर्थ फक्त त्याला कळला होता. शिकलेला माणूस होता तो.

"साहेब, आता तरी सांगा यांना," मी म्हटलं.

त्याचे ओठ हलले. "ऐकतील?" म्हणाला.

नसतेच ऐकले. डिझेलचा डबा त्याच्या पायाला लागून होता. मी डब्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो घाटाच्या रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने पाय बाजूला घेतला. एवढंच केलं त्याने, पण केलं.

लोक माझ्या बापाच्या पायावर डोकी ठेवत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी डबा गंजीच्या बुडाला रिकामा केला आणि भात्यापुढचे निखारे फावड्यावर घेतले. चिमी बघत होती. "आई, आपलं जेवण," एवढंच म्हणाली.

वाळलेलं पीक, भर उन्ह, वर वारं. गंजी अशी पेटली की लोकांनी डोकी वर करेपर्यंत निम्मी गेली होती. ओढ्यावरून घागरी आणल्या, माती टाकली, कुणी हातांनी पेंढ्या ओढल्या. काही उरलं नाही. मग ते माझ्याकडे वळले. लोहाराच्या काठीने हा हात मोडला, तो अजून सरळ होत नाही. जीव घेतला असता, पण आबा माझ्यावर पालथा पडला, आणि देवाच्या जिभेवर काठी कोण उगारणार?

आबा नवव्या दिवशी गेला. जिभेच्या जखमेत पू झाला, पाणीही गिळता येईना. शेवटच्या दिवशी त्याने माझा हात उलटा केला आणि बोटाने तळव्यावर काहीतरी लिहायला लागला, पण त्याला लिहिता कुठं येत होतं? रेघा ओढत राहिला.

त्या साली गावाने काय खाल्लं ते विचारू नका. मुळं उकडली, पाला उकडला. निम्मं गाव घाट उतरून चालत गेलं. पुजाऱ्याची आई भुकेने गेली आणि लोहाराचा बाप गेला. ती दोन मरणं माझ्या माथी आहेत, मी नाही म्हणत नाही. रोज सकाळी उठल्यावर आधी तीच दोन तोंडं दिसतात.

आणि विखाने कुणीच मेलं नाही. मरणार कसं? खाल्लंच नाही कुणी. मग विख होतंच कशावरून, असं गाव विचारतं. जे जळालं ते जळालं. चिमीची दोन बोटं परत आली नाहीत, ती आता डाव्या हाताने जेवते. पण ती तर देवाने घेतलेली, ते ठरून गेलंय.

सुईसाहेबाची बदली झाली. जाताना मला भेटला नाही. रस्ता दुरुस्त झाला, नवा साहेब आला, कोऱ्या मातीची पाकिटं आली. खालच्या रानात सुया खोचल्या तर चाळीसच्या चाळीस तांबड्या. मी ते दिवे बघून बांधावर बसले आणि ढसाढसा रडले. पुजारी म्हणाला, "देवाचं पीक जाळलं, म्हणून मातीत विख उतरलं." लोकांनी माना डोलावल्या. सुंभ जळाला तरी पीळ कुठं जातो?

जिथं सळई लावली तिथं आबाचं ठाणं बांधलंय. दगडाची जीभ केलीय, तांबडी रंगवलेली. येणारे जाणारे हात जोडतात, आणि मी दिसले की थुंकतात.

परवा पेरणीच्या आदल्या दिवशी लोहारीण दारात आली. वर्षभर तिने माझी सावली ओलांडली नव्हती. काखेत तेच लेकरू, आता दात आलेलं. दुसऱ्या हातात फडक्यात माती.

"वरच्या रानाची आहे," ती म्हणाली. "सुया हिरव्या लागल्यात. पण मन मानत नाही. तुझ्या पोरीच्या जिभेला लावून बघ. आबाचं रक्त आहे तिच्यात."

मी ती माती तिच्या हातातून घेतली आणि उंबऱ्याबाहेर फेकून दिली. "माझ्या पोरीच्या जिभेला मातीचा कण लागणार नाही," मी म्हटलं. "दिवा हिरवा आहे, पाकिटातल्या मातीवर मी स्वतः लावलाय. जा, पेर."

मग तिने तोंड सोडलं. माझ्या सासऱ्याला खाल्लंस, गावाच्या तोंडचा घास जाळलास, बापाला मारलंस, तुझे हात झडतील. बोलू दिलं. ती बोलत होती तेवढ्यात काखेतल्या लेकराने पुढे वाकून माझं बोट धरलं. चांगलं करकचून धरलं. लोहारीण शिव्या घालत त्याला ओढते आणि ते सोडत नाही. मी एक एक करून त्याची बोटं सोडवली. पाची बोटं, आणि पाचींत जोर.

ती वाटेने जाईपर्यंत शिव्या घालत होती. मी दारात उभी राहून शेवटपर्यंत ऐकल्या, आणि मग सुया पुसायला गेले.